सुकाणू दुरुस्त करणारे हात

मोटारीच्या स्टेअरिंगला शुद्ध मराठी शब्द हवा असला की 'सुकाणू चक्र' असे म्हटले जाते. भाषाशुद्धीच्या आग्रहातून हा शब्द पुढे करणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक नसते की 'सुकाणू' हा मुळात अरबी 'सुक्कान' आहे. अरब खलाशी आणि कोकणातले दर्यावर्दी मुसलमान यांच्या तोंडून तो किनाऱ्यावर उतरला, घाट चढून देशावर आला आणि इतका मराठी झाला की आज संपादकीयांतून राज्याचे सुकाणू, पक्षाचे सुकाणू असा सहज फिरतो. विशेष म्हणजे मोटारीच्या बाबतीत तो अगदी चपखल बसतो. कारण आरंभीच्या मोटारींना गोल चाक नव्हतेच. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीला होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. तो डावी-उजवीकडे वळवला की पुढचे एकुलते एक चाक वळे. १८९४ साली पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशेरॉन नावाच्या फ्रेंच माणसाने आपल्या पॅनहार्ड गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. मोटारीला गोल स्टेअरिंग लावल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात.

गॅरेजमध्ये मात्र सुकाणूही नाही आणि स्टेअरिंगही नाही. तिथे 'इस्टेरिंग' असते. दुरुस्त करणारा 'मिस्त्री' असतो, हा शब्द पोर्तुगीजांचा; त्याचा गुरू 'उस्ताद' आणि हाताखालचा पोरगा 'शागिर्द', हे दोन्ही फारशी. एका लोखंडी कड्याभोवती इतक्या भाषा जमलेल्या आहेत. पण त्या कड्याला हात लावणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र यांपैकी एकाही भाषेत कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. तो लिहिण्याची सुरुवात पैठणच्या वाटेवरून करावी असे आम्हांला वाटते.

पैठणला चाकाचा इतिहास नवा नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. बारीगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव आहे आणि तिथून अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून बंदरापर्यंत येतो, असे तो अनाम लेखक सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही पैठणचा माल चाकावरच बाहेर पडत होता आणि रस्त्याची रड तेव्हाही होती. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निझामाची रेल्वे औरंगाबादला आली, पण पैठणला ती कधीच आली नाही. औरंगाबादपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारे साधन बैलगाडीनंतर थेट मोटारच.

निझामाच्या राज्यात सार्वजनिक मोटारसेवेचा आरंभ १९३२ च्या जूनमध्ये झाला. रेल्वेच्याच एका शाखेने सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट कामगार घेऊन ती सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. निझाम मीर उस्मान अली खान यांच्या आईचे नाव जहरा बेगम. त्यांच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर गाड्यांच्या क्रमांकात घातले गेले आणि ते हैदराबादकडच्या सरकारी गाड्यांवर पुढेही राहिले, असे सांगतात. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा या भागातली मोटारसेवाही इकडे आली आणि १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा हा पुढचा अध्याय. संस्थांच्या या इतिहासाला निदान कागद आहेत.

कागद नसलेला इतिहास खाजगी गाड्यांचा आणि त्या जिवंत ठेवणाऱ्यांचा आहे. त्यासाठी थोडे मुंबईकडे वळावे लागते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. पुढे तिथूनच फियाट अकराशे आणि पद्मिनी बाहेर पडली. तिसरे नाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहंमद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली इकडे कंपनीच्या नावातला 'मोहंमद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. आद्याक्षरे तीच राहिली. या कंपनीने विलीज जीप भारतात आणली. मोहंमद पाटीवरून गेला तरी जीपखाली तेल लागलेल्या कपड्यांनी झोपणारा मोहंमद कुठेच गेला नाही. २००६ साली संसदेत मांडल्या गेलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामगार ज्या थोड्या क्षेत्रांत एकवटलेले दिसतात त्यांत वस्त्रोद्योग आणि तंबाखूबरोबर मोटारदुरुस्ती आणि रस्तेवाहतूक यांचीही नोंद केली आहे. आपल्याला आकड्यांची गरज नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडमागच्या गल्लीतून एकदा चालत गेले तरी पुरे.

पैठणला ही गल्ली खऱ्या अर्थाने भरली ती धरणामुळे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा हा बांध अकरा वर्षे उठत होता. माती आणि दगड वाहणारे ट्रक, साहेबांच्या जीपा, ठेकेदारांच्या जुन्या मोटारी यांची रांग नाथांच्या गावात लागली. गोदाकाठच्या ज्या गावांची शेते पाण्याखाली गेली त्यांच्या दुःखाविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिणे आवश्यकच होते. त्याच वर्षांत या भागातल्या किती पोरांनी नांगर किंवा माग सोडून पाना हातात घेतला, हे कोणी मोजलेले नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. जुन्या गाडीचे इंजिन उघडून परत बसवणारे मिस्त्री आजही सापडतात. पत्रा सरळ करणारे डेंटर आणि रंग मारणारे पेंटरही आहेत. स्टेअरिंगचे चाक पूर्ववत करून देणारा मात्र विरळा, कारण त्या कामात लोहार, सुतार, रंगारी आणि थोडा सोनार असे चौघे एका माणसात असावे लागतात.

जुने चाक म्हणजे पोलादी सळईचे कडे आणि त्याला जोडलेल्या दोन, तीन किंवा चार दांड्या. त्यावर आवरण चढवलेले असते. आरंभीच्या काळात ते कठीण रबराचे असे. रबरात भरपूर गंधक घालून तापवले की ते शिंगासारखे टणक होते; उन्हात वर्षानुवर्षे राहिले की त्याचा काळा रंग उतरून तपकिरी, भुकटल्यासारखा होतो. नंतर सेल्युलोजपासून बनवलेले प्लास्टिक आले. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांची हस्तिदंती रंगाची चाके पाहिली असतील, ती याच जातीची. दिसायला देखणी, पण त्यांच्या पोटात एक भांडण कायमचे भरलेले असते. वयाबरोबर प्लास्टिक आकसते. पोलाद आकसत नाही. ताण वाढत जातो आणि एके दिवशी आवरण तडकते. पहिली भेग जवळजवळ नेहमी दांडी आणि कडे जिथे मिळतात तिथेच पडते. मराठवाड्यात मे महिन्यात बंद गाडीतल्या चाकाला हात लावून पाहावा म्हणजे हे काम इथे लवकर का होते ते कळेल. भेगेतून घामाचे आणि पावसाचे पाणी आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि भेग आणखी रुंदावते.

अशा चाकाची दुरुस्ती ते उतरवण्यापासून सुरू होते आणि अर्धे अपयश तिथेच येते. मधला नट सैल केल्यावर चाक हातोडीने ठोकून काढणारे लोक असतात. त्यात शाफ्टचे दाते जातात. जाणकार पुलर लावतो आणि त्याआधी शाफ्टवर आणि चाकावर छिन्नीने एक समोरासमोर खूण करतो, म्हणजे परत बसवताना गाडी सरळ असताना दांड्याही सरळ राहतील. हॉर्नचे बटण, त्याखालची स्प्रिंग, क्रोमचे कडे हे सारे कोणत्या क्रमाने निघाले ते शागिर्दाने पाठ करायचे असते. मोबाइलमध्ये फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती.

मग चाक धुतात. पन्नास वर्षांचे तेल आणि मळ साध्या साबणाने निघत नाही; थिनर लावावे लागते, पण बेताने, कारण सेल्युलोजच्या जातीचे प्लास्टिक थिनरने विरघळू लागते. त्यानंतरची पायरी नवख्याला उलटी वाटते. भेग बुजवायची असते, पण आधी ती मोठी करायची. करवतीच्या पात्याने किंवा त्रिकोणी कानशीने तिला इंग्रजी 'व्ही'सारखा उतार देतात, थेट पोलादापर्यंत. गंज खरवडून काढतात. केसाएवढी भेग तशीच ठेवून वरून पुट्टी ओढली तर रंग नवा असेपर्यंत छान दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच परत फाटते. फसवणारा कारागीर आणि खरा कारागीर यांतला फरक गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी कळतो, हीच या धंद्याची मोठी अडचण आहे.

भरणासाठी दोन भागांचा इपॉक्सी, आपल्याकडे ॲराल्डाइट किंवा एम-सील, वापरतात. तो यायच्या आधीच्या पिढीची युक्ती वेगळी होती. सेल्युलॉइडचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवले की त्यांची लापशी होते; ती थर देऊन भरायची, प्रत्येक थर वाळू द्यायचा. काम आठवडाभर चाले. इपॉक्सीला एक रात्र पुरते, थंडीत थोडे जास्त. दोन्ही भाग सारखे मोजले नाहीत तर तो कधीच नीट घट्ट होत नाही, बोटाला चिकट लागत राहतो. घट्ट झाल्यावर अर्धगोल कानस, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी पाण्यात बुडवून सहाशे नंबरचा. कड्याच्या मागच्या बाजूला बोटे बसण्यासाठी खाचा असतात. भरण पडलेल्या ठिकाणी त्या नव्याने कोराव्या लागतात, शेजारच्या खाचांच्या अंतराशी जुळवून. इथे डोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. मिस्त्री डोळे मिटून चाकावरून हात फिरवतो. जिथे बोट अडखळते तिथे परत कानस. पैठणीचा विणकर काठाची मागची बाजू जशी बोटाने तपासतो तशीच ही गोष्ट आहे.

लाकडी कड्याचे काम वेगळे. तिथे धातूच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी लाकडाचे वळवलेले तुकडे बसवलेले असतात. सांधे सुटतात, वरचे वार्निश पापुद्र्यांनी उडते. जुने पॉलिश खरवडून, सांध्यांत सरस किंवा इपॉक्सी भरून, क्लॅम्प आवळून ठेवायचे. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख कापडाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत चढवायची. सागवानी कपाटांना पॉलिश करणाऱ्या घराण्यांची ही विद्या. लाखेची झळाळी सुंदर, पण घामाच्या हातांपुढे ती टिकत नाही, म्हणून हल्ली वरून पॉलियुरेथेनचा थर देतात. जुन्या वस्तूचे मोल जाणणारे काही लोक यावर नाक मुरडतात. आम्हांला त्यात गैर वाटत नाही. चाक काचेच्या कपाटात ठेवायचे नसून हातात धरायचे असते.

अमेरिकेत हेच काम मोठ्या मानाचे आहे. तिथे १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ ही गाडी काढली, मध्यम आकाराच्या अंगात भले मोठे इंजिन, आणि पुढची काही वर्षे अशा 'मसल कार'ची लाट आली. त्यांच्या चाकांवर लाकडी रंगाचे प्लास्टिक असे. शेव्हरलेच्या कॉर्व्हेटला मात्र १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत जादा पैसे भरून खऱ्या सागवानाचे चाक मिळे. आज त्या चाकांना जपणारे, जिथल्या तिथे दुरुस्त करणारे व्यावसायिक तिथे आहेत आणि एका चाकासाठी जुनी छोटी गाडी येईल एवढे पैसे मोजले जातात. भारतात आयातीवरच्या निर्बंधांमुळे त्या गाड्या फार थोड्या आल्या. आपल्या वाट्याला आल्या त्या त्यांच्या आधीच्या पिढीच्या शेव्हरले, डॉज आणि प्लिमथ.

ते सागवानी चाक दोनच वर्षांत का गेले, हेही सांगायला हवे. जुन्या मोटारीत चाकामागचा खांब एकसंध लोखंडी असे. समोरासमोर टक्कर झाली की तो मागे सरके आणि चालकाच्या छातीत घुसे. लेबनॉनमधून स्थलांतरित झालेल्या आईबापांचा मुलगा राल्फ नेडर याने १९६५ साली पुस्तक लिहून मोटार कंपन्यांना या आणि अशा दोषांसाठी जाहीर जाब विचारला. १९६७ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने टकरीत दुमडणारा खांब आणला आणि १९६८ पासून तिथल्या कायद्याने तो सक्तीचा झाला. आपल्या रस्त्यांवर मात्र जुना ताठ खांब पुढे कित्येक वर्षे चालत राहिला. हिंदुत्वाच्या वा इस्लामच्या नावाने चालकाच्या समोर लिंबू-मिरची किंवा ७८६ चे स्टिकर लागले, कड्याभोवती रंगीत नायलॉनचा गोफ विणला गेला, पण खांब ताठच.

म्हणून या कामात एक मर्यादा पाळावी लागते आणि जुने उस्ताद ती कसोशीने पाळत. तडा आवरणाला असेल तर भरायचा. पोलादी कडे किंवा दांडी तुटली असेल तर काम घ्यायचे नाही. तिला वेल्डिंग करून, वर पुट्टी आणि रंग चढवून दिले तर बाहेरून काहीही दिसत नाही. घाटात वळणावर ती सुटली तर माणूस मरतो. शागिर्दाला हातोडी धरायला शिकवण्याआधी 'हे काम होणार नाही' असे गिऱ्हाइकाला सांगायला शिकवावे लागे आणि ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची चिंता आहे त्याने असे सांगणे सोपे नाही. रोजीत हलाल काय आणि हराम काय याची चर्चा आपल्याकडे बँकेच्या व्याजापाशी फार होते. ती वेल्डिंगच्या सांध्यापाशीही व्हायला हवी.

इतिहास मालकाचा लिहिला जातो, ही तक्रार जुनीच आहे. औरंगाबादच्या भूमिगत नहरीचे श्रेय मलिक अंबरला मिळते आणि ते योग्य आहे. हबशी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने शहर वसवून त्याला पाणी दिले, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या नहरीचे खापराचे नळ जोडणाऱ्यांची नावे मात्र कोणाला सांगता येत नाहीत. हैदराबादच्या सहाव्या निझामाने, महबूब अली खानने, रोल्स-रॉईसची सिंहासनासारख्या आसनाची गाडी मागवली. ती पोहोचण्याआधी १९११ साली त्याचा इंतकाल झाला. लंडनच्या बार्कर कंपनीने तिचा सांगाडा बांधला हे सर्व जाणकार सांगतात. ती आता पुन्हा झळाळी देऊन चौमहल्ला राजवाड्यात ठेवली आहे. शंभर वर्षांत तिला कोणाकोणाचे हात लागले, हे विचारणारा प्रेक्षक क्वचितच. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, निदान त्या विद्येवर गावाचे नाव कोरले गेले. मोटारीच्या कामाला गाव नसते, म्हणून असा मानही मिळणार नाही.

काळ मात्र थांबलेला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. श्रीमंताची जुनी गाडी वारसा ठरली आणि गरिबाची भंगार, असे म्हणण्याचा मोह होतो. पण धूर ओकणाऱ्या टेम्पोची बाजू घेणे आम्हांला जमणार नाही. तो धूर आपल्याच मोहल्ल्यातली मुले आधी खातात. प्रश्न एवढाच की मूळ स्वरूप राखायचे म्हणजे कोणीतरी ते राखणारा लागतो आणि नियमात त्याच्यासाठी ओळ नाही. ना त्याला परीक्षा, ना प्रमाणपत्र. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पण तडकलेल्या चाकावर भरण कसे करायचे हे त्यात शिकवले जात नाही, कारण नव्या गाडीला त्याची गरजच पडत नाही.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली. अशा टॅक्सी मोडीत गेल्या तेव्हा त्यांची चाकेही पत्र्याबरोबर वजनावर गेली. ज्यांना मोल कळले त्यांनी काही उचलून ठेवली आणि आता ती जुनी फियाट सजवणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. पैठणच्या रस्त्यावर बिडकीनला नवी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी २००१ पासून जोडल्या जातात आणि टोयोटा किर्लोस्करने जिल्ह्यात कारखाना काढण्यासाठी ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी करार केला. या नव्या गाड्यांच्या चाकाच्या पोटात एअरबॅग असते, चालकाच्या छातीसाठी फुगणारी. तिच्यात स्फोटक भरलेले असल्यामुळे मिस्त्री त्या चाकाच्या मधल्या भागाला हात लावत नाहीत. कड्यावरचे कातडे उसवले असेल तर तेवढे वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, जागच्या जागी शिवून देतात.